येते म्हण

१९ एप्रिल १९२८
गेले एकदाची! हेडमास्तरीणबाईंचा शब्द मोडवेना. डॉक्टर परुळेकरांच्या दवाखान्यात कानडी जाणणारी बाई हवी होती. माझं माहेर अक्कलकोटचं, शाळेला सुट्टी. घरी बसून तरी काय करायचं? हे होटगी स्टेशनात नोकरीला, आठवड्याने येतात. आणि ती गेल्यापासून घरात आवाजच नाही. तिला जाऊन माघात वर्ष झालं. तिचं नाव आम्ही दोघंही घेत नाही. इथेही लिहिणार नाही.

डॉक्टर कोकणातले. मोठ्या लढाईत सैन्याबरोबर बसऱ्याला होते. तिथे म्हणे जखम नसलेले शिपाई पाहिले — हात धड, पण उचलत नाही. जीभ धड, पण बोलत नाही. इथेही तसलेच रोगी बघतात. गावात त्यांना ‘येड्यांचा डॉक्टर’ म्हणतात.

पहिला रोगी गिरणीतला नागप्पा. उजवा हात लुळा. मी सांगू लागले, "तो म्हणतो, हात —"

"‘तो म्हणतो’ नको, बाई. तो ‘माझा’ म्हणाला ना? मग तुम्हीही ‘माझा’ म्हणा. मध्ये तुम्ही नाहीच असं समजा."

"माझा हात उचलत नाही," मी म्हटलं. नागप्पाला एवढं तरी मराठी समजतं. हसला!

२१ एप्रिल
नागप्पाचा हात उठला! डॉक्टरांनी विजेची पेटी लावली, ओरडले, "उचल!" तसंच कानडीत मी ओरडले. शाळेत मुलींवरसुद्धा कधी इतकी ओरडले नाही. हात वर! नागप्पाने त्याच हाताने आधी डोकं खाजवलं, मग रडला.

२४ एप्रिल
आज चंद्रव्वा आली. दीर मायाप्पाने आणली. तिचा मुलगा भिमा मामाच्या गावी पटकीने गेला, तेव्हापासून बोलत नाही. भाकरी पुढ्यात वाळून जाते.

"मिरगाच्या आदी बोलली न्हाय तर पुन्याला येड्यांच्या इस्पितळात घालनार बगा," मायाप्पा म्हणाला. "तितनं कोन परत येतंय? पन घरात कुनी बगायचं हिला?" डोळे पुसले आणि मलाच दटावलं — "तुमी तर बोला की, बाई! तुमीबी तसल्याच दिसताय."

डॉक्टरांनी पेटी लावली, ओरडले. तिने पदर तोंडावर ओढला आणि भिंतीकडे वळली. संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, "चूक माझी. नागप्पाला हुकूम हवा होता. हिला नकोय."

"मग काय हवंय?"

"ठाऊक नाही. तिला इथेच ठेवून घेऊ. तुम्ही तिच्याजवळ बसा. बोलू नका."

हे मला जमेल.

२ मे
बसते. दोघी मिळून ज्वारी निवडतो. एक शब्द नाही. निघताना तेवढं माहेरच्या सवयीने म्हणते, ‘होगि बर्तेनि’ — जाऊन येते. तेव्हा मात्र ती मान वर करून बघते. रोज. का?

५ मे
नवा रोगी, पीरसाब टांगेवाला. रेल्वेच्या फाटकात इंजिनाखाली त्याचा घोडा गेला. आता नवा घोडा आहे, पण फाटक दिसलं की याचे हात थरथरतात. डॉक्टर रोज त्याच्याच टांग्यात बसून थोडं पुढे जातात. आज कडुनिंबापर्यंत.

"डॉक्टरसाब, अशा चालीनं मक्का आधी येईल, फाटक नाही!" पीरसाब म्हणतो.

याच्यावर ओरडत नाहीत. प्रत्येकाला वेगळं.

११ मे
बोलली! चंद्रव्वा बोलली!

हे येणार म्हणून मी घाईत होते. मराठीत नुसतं "निघते" म्हटलं आणि उठले. तिने धावत येऊन माझा पदर धरला. केवढ्या जोराने! "बर्तेनि अन्नु!" येते म्हण! "बर्तेनि अन्नु!"

ज्वारी सगळी सांडली. मी म्हटलं, "बर्तेनि, बर्तेनि." म्हणतच राहिले.

१२ मे
आज तिने सगळं सांगितलं. मी मराठीत करत गेले, डॉक्टरांच्या नियमाने.

"भिमा आगगाडी बघायला मामाकडे जायचं म्हणून मागे लागला होता. मी चुलीपाशी. डोकं उठलं होतं. म्हटलं, ‘होग!’ — जा! नुसतं जा. ‘होगि बा’, जाऊन ये, असं म्हटलं नाही. माझ्या तोंडून ‘ये’ गेलंच नाही. मग तो कसा येईल? माझं लेकरू परत आलं नाही."

हे वाक्य माझ्या तोंडून गेलं. माझं लेकरू परत आलं नाही. डॉक्टर तिच्याकडे बघत होते, माझ्याकडे नाही. मी बाहेर जाऊन पाणी प्यायले. परत येऊन पुढचं सांगितलं.

मला वाटलं, आता डॉक्टर तिला समजावतील की शब्दाने कोणी मरत नाही. नाही! म्हणाले, "तिला म्हणावं, आता रोज दारात उभी राहा आणि प्रत्येकाला तो शब्द दे."

१९ मे
उभी राहते. आधी नुसते ओठ हलायचे. आज नागप्पाला ऐकू गेलं. मुद्दाम पुन्हा आत आला. "आलो बघ!"

२६ मे
फाटक झालं!!

पीरसाब आज एकटा निघाला. दारात चंद्रव्वा म्हणाली, "होगि बा."

"क्या बोली, बाई?"

"जाऊन ये, म्हणाली."

"मग तर यायलाच पाहिजे!"

गेला. आम्ही सगळे रस्त्यावर. चंद्रव्वा उन्हात अनवाणी, पाय भाजत असतील, हलेना. मग वळणावर घोड्याचे घुंगरू! पीरसाब टांग्यात उभाच — "आलो! फाटकाच्या पलीकडून आलो!" डॉक्टरांनी टोपी उडवली. चंद्रव्वा घोड्याच्या मानेवर हात फिरवत म्हणाली, "बंदा." आला. आणि हुंदका फुटला तिला. भिमा गेल्यापासून पहिल्यांदा रडली. मग पीरसाबच्या घरून आलेली बिर्याणी सोडून माझ्या डब्यातली भाकरी मागून खाल्ली. अख्खी!

४ जून
मायाप्पा तिला पुण्याला न्यायला आला. तोंड उतरलेलं. चंद्रव्वाने दारातच विचारलं, उन्हातून आलास, आधी पाणी पी. म्हैस कशी आहे. छपराचं काय केलंस?

तो पायरीवर बसला. पाणी पिऊन मला म्हणाला, "लई बोलती की वो ही!"

पुणं नाही. घरी! पीरसाबचा टांगा, फाटकातून. वळून मला म्हणाली, "होगि बर्तेनि." मी म्हटलं, "होगि बा."

६ जून
आज रोगी नव्हता. तरी गेले. रोग्याच्या खुर्चीत बसले. डॉक्टरांनी दौत पुढे ओढली.

"नाव?"

"द्वारका," मी म्हटलं. मग म्हटलं, "माझं नव्हे. माझ्या मुलीचं."