पाठमोऱ्या बाईला काय वाटतंय?

प्रिय ठमाबाई,

काल तुझ्या बाबाने जन्मात पहिल्यांदा वर्ग घेतला, आणि नोकरी शाबूत आहे! झालं असं, की संग्रहालयात मुलांना चित्रं समजावणाऱ्या बाईंचा घसा बसला. तिसरीची बावीस पोरं दारात कालवा करत उभी. साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि मलाच पुढे ढकललं. अठरा वर्षं पहारा करतोय, पण मला येणारं वाक्य एकच, "हात लावू नका." ते म्हणून झाल्यावर पुढे काय बोलायचं?

माझी खुर्ची ज्या चित्रासमोर असते, तिथेच त्यांना बसवलं. खिडकीशी एक बाई पाठमोरी उभी आहे, बस्स, एवढंच चित्र. विचारलं, "हिला काय वाटत असेल?" एक म्हणाली, रडतेय. दुसरा म्हणाला, छे, हसू दाबतेय. मग जुंपली! तोंडच दिसत नाही तर मनातलं कळणार कसं? एक चष्मेवाली ठसक्यात म्हणाली, "तोंड दिसलं तरी कुठे कळतं? माझी आई रागावली की हसते." तेवढ्यात एक दातपडका पठ्ठ्या बाईचं तोंड बघायला चित्रामागे डोकावला, आणि धोक्याची घंटा अशी कोकलली की साहेब हातातल्या कपासकट धावत आले. "काय चाललंय?" चष्मेवाली म्हणाली, "आम्ही विचार करतोय." साहेबांनी बराच वेळ चित्राकडे पाहिलं, चक्क फरशीवर बसले आणि म्हणाले, "मला वाटतं, ती दमलीये."

जाताना चष्मेवाली मला म्हणते, "आजोबा, तुम्ही तिला कधी विचारलं नाही?" म्हटलं, "अगं, चित्रातली बाई ती." तर म्हणाली, "खरी असती तर विचारलं असतं?"

मी "हो" म्हणालो आणि खोटं बोललो. तीन वर्षांपूर्वी परगावी नोकरी लागल्याचं सांगून तू स्वयंपाकघराच्या खिडकीशी पाठ करून उभी राहिलीस. तू रागावलीस, असं मीच ठरवलं आणि न बोलता कामावर निघून गेलो. तेव्हापासून तुझा फोन आला की मी आईच्या हातात देतो. ठमे, त्या दिवशी तुला काय वाटत होतं गं? लिहून कळव. लिहायला जमलं नाही तर रविवारी समोरासमोर सांग. तुझ्याकडे यायला गाडीचं तिकीट मी काढूनच ठेवलंय.

तुझाच, उशिरा विचारणारा,
बाबा