माडीवरची खोली

अप्पा,

माडीवरच्या खोलीत बसून लिहितोय. माझं लग्न ठरलं तेव्हा दुकान सांभाळून, भर उन्हात उभं राहून तुम्ही ही बांधून घेतलीत. वेगळा जिना, वेगळी मोरी. "पोराला आपली म्हणून एक खोली पायजे की," असं गवंड्याला सांगत होतात.

सुरतेत प्लेग आला त्या वर्षी तुम्ही साड्यांच्या खरेदीला नेमके तिकडंच गेला होतात आणि ताप घेऊन परतलात. गल्लीत बोभाटा झाला. दुसऱ्या दिवशी आरोग्य खात्याची जीप आपल्याच दारात, आणि जीपमध्ये डॉक्टरांशेजारी मी, खात्याचा कारकून, मांडीवर फॉर्म घेऊन. संशयित माणसाला सक्तीनं गावाबाहेरच्या वॉर्डात हलवायचा अधिकार खात्याला होता खरा, पण फॉर्मवर एक रकाना होता : घरात स्वतंत्र खोली आहे काय? 'आहे' लिहिलं, की दाराला नोटीस चिकटवून माणसाला घरीच ठेवायचे. तो रकाना मी जीपमध्येच भरून टाकला होता. 'नाही.'

लेक सहा महिन्यांची होती, हे कारण मी स्वतःला कितीतरी वर्षं सांगितलं. ते अर्धंच खरं. मी भ्यालो होतो, अप्पा. जन्मदात्या बापाला भ्यालो. थू माझ्या जिंदगीवर!

डॉक्टर ताप बघून जीपकडं वळले. अव्वा पदर खोचून माझ्यापुढं, पोटच्या लेकापुढं, आली. "माडी हाय की वर! तुमी खाली निजा, ते वर ऱ्हातील." मी म्हणालो, "साहेबांचा हुकूम हाय, अव्वा. माझ्या हातात काय न्हाय." आमच्या खात्यात सही घ्यायची एक रीत होती. कागद दुमडून सहीची ओळ तेवढी पुढं करायची, म्हणजे माणूस वाचत बसत नाही, हुज्जत घालत नाही. तुमच्यापुढंही मी तसाच धरला.

तुम्ही घडी उलगडलीत. चष्मा लावलात. लहानपणी पाटीवर माझं अक्षर तुम्हीच घोटून घेतलं होतं, परक्यालाही एका नजरेत वाचता आलं पाहिजे म्हणून. तुमची नजर त्या रकान्यावर थांबली. तुमचा आवाज एरवी तीन गल्ल्या ऐकू जायचा, म्हणून मी मान खाली घालून उभा राहिलो. तुम्ही एवढंच म्हणालात, "अक्षर झ्याक हाय रं तुझं." आणि सही केलीत.

दहा दिवसांनी सोडलं. प्लेग नव्हताच, साधा हिवताप. पण त्यानंतर तुम्ही हा जिना कधी चढला नाहीत. नात वरून हाका मारायची, तर म्हणायचात, "गुडघं धरल्यात, बाळ." दुकानात मात्र शिडीवर चढून वरच्या फळीवरचे तागे काढत होतात. अव्वा शेवटपर्यंत त्या साहेबाला शिव्या घालत राहिली. तुम्ही तिला खरं सांगितलं नाहीत, आणि मीही नाही.

यंदा स्वाइन फ्लूच्या साथीत तीच लेक पुण्याहून ताप घेऊन आली. तिला इथंच ठेवलं. बरी होऊन परवा ती परत गेली, आणि मी खोली आवरायला म्हणून वर आलो तो लिहीतच बसलो. हे पत्र कुठं धाडणार? फळीवर राहील पडून.

तिच्या वेळीही फॉर्म आला होता, तोच रकाना घेऊन. मी 'आहे' लिहिलं, तर हात असा थरथरला की अक्षर पार बिघडलं. तुमच्या वेळी थरथरला नव्हता, अप्पा.