उदयसिंहची बोलपाटी

५ जानेवारी

आले एकदाची कोल्हापुरात. नाशिकहून येताना गाडीत अंग नुसतं आंबून गेलं होतं, पण खोली बघितली आणि शीण पळाला. राजारामपुरीत वरचा मजला, खिडकीतून भरपूर ऊन, खाली आक्कांचं घर. आक्का म्हणजे घरमालकीण. साठी उलटलेली बाई, पण आवाज असा की गल्लीच्या टोकाचा रिक्षावालाही वळून बघतो. इथल्या बायका स्वतःबद्दल ‘मी आलो, मी गेलो’ असं बोलतात. मला आधी वाटलं, आक्का माझी फिरकी घेताहेत. दाराची कडी घट्ट आहे, दोन्ही हातांनी जोर लावून ओढायची, असं त्यांनी बजावलं. आणि दारात कुणी ‘येऊ का’ म्हणालं की ‘या की’ म्हणायचं, माणसाला उंबऱ्यावर ताटकळत ठेवायचं नाही. हा म्हणे इथला कायदा.

कडी हे माझ्या हातांना संकटच आहे. इतकी वर्षं दुनियेच्या वेबसाइटींसाठी मजकूर बडवून मनगटं पार कामातून गेलीत. डॉक्टरांनी कीबोर्डला हात लावायचा नाही म्हणून दम दिलाय. म्हणून आता सगळं बोलून लिहायचं, ही रोजनिशीसुद्धा. खोलीत आधीच्या भाडेकरूचा मोठा कॉम्प्युटर आहे, माईक-स्पीकरसकट, आणि त्यात ‘बोलपाटी’ नावाचं सॉफ्टवेअर. आपण बोलायचं, ती लिहिते. सांगितलं तर वाचूनही दाखवते. तो पोरगाही माझ्यासारखा घरबसल्या लेख लिहून पोट भरणारा. आक्का म्हणाल्या, वापर की, धूळ खात पडलाय नुसता.

संध्याकाळी आईला फोन केला. तिची नजर गेल्यापासून मी म्हणजे तिच्यासाठी फक्त आवाज. तो रोज कानावर पडल्याशिवाय ती जेवत नाही. माझी मामेबहीण अनुजा सध्या तिच्याजवळ राहते. बस्तान बसलं की आईला इकडेच आणणार.

६ जानेवारी

बोलपाटीने सकाळी माझा जीव खाल्ला. नवं प्रोफाइल उघडायचं तर आधी तासभर तिच्यासमोर उतारे वाचा, मग म्हणे ती तुमचा आवाज शिकणार. अर्धे वाचले, तर ‘गुळाची ढेप’ म्हणाले की ‘गुलाबी झेप’ लिहायला लागली. चडफडत यादी बघितली, तर एक प्रोफाइल तयारच होतं: उदयसिंह. आधीचा भाडेकरू तोच. त्याने तिला इतकं मराठी शिकवून ठेवलंय की मी त्याच्या नावाने आत शिरले आणि एकही शब्द चुकला नाही. आयतं मिळतंय तर कोण सोडतंय? माझं अर्धवट प्रोफाइल पुसून टाकलं.

११ जानेवारी

काम झकास चाललंय. पुण्याच्या एका क्लायंटसाठी गुळाच्या वेबसाइटचा मजकूर सांगत होते. काकवी, आधण, वाफा, गुऱ्हाळातलं सगळं मनासारखं जमत होतं, आणि मधेच पडद्यावर उमटलं: येऊ का?

मी काही असं म्हणाले नव्हते. वाटलं, जिन्यातून आक्का म्हणाल्या असतील. दार उघडून बघितलं, कुणी नाही. परत बसले तर पुन्हा तेच. येऊ का? कवाधरनं हुबा हाय.

मला हसूच आलं. आक्कांच्या थाटात माईकवर म्हणाले, या की पावणं, बसा. घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं, पाणी प्यायले. दिवसभर मग काम सुरळीत झालं.

१५ जानेवारी

तिळगूळ द्यायला आक्का वर आल्या होत्या. भलत्याच खूश. म्हणाल्या, आता कशी कोल्हापुरी झालीस, आवाज पण कसा दणदणीत निघतोय. आईचं मात्र वेगळंच. फोनवर सारखी विचारत होती, घसा बसलाय का गं, तू बोलतेस पण तू वाटत नाहीस.

खरं सांगायचं तर मलाही आज स्वतःचा आवाज अनोळखी वाटला. मी बोलतो

बोलते. मी ‘बोलते’ म्हणाले होते, हिने भलतंच लिहिलं. खोड म्हणाले तर खोडत नाही.

आक्कांना उदयसिंहबद्दल विचारलं. म्हणाल्या, गुणी पोरगा, पण शेवटी शेवटी त्याचा आवाज बसला, मग पार गेला. डॉक्टर झाले, देवऋषी झाला. एका सकाळी दाराला आतून कडी, कॉम्प्युटर चालू, आणि खोलीत कुणी नाही. आजवर पत्ता नाही. हे सगळं त्यांनी नळ गळतो म्हणावं तसं सांगितलं. आधी का बोलला नाहीत म्हणाले, तर म्हणे तू कुठं विचारलंस.

मला खूप राग आला, आणि भीती वाटली.

१९ जानेवारी

घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून बघितलं. घसा धुतल्यासारखा स्वच्छ आहे म्हणाले. त्यांच्याशी मला खाणाखुणांनी बोलावं लागलं, कारण खोलीबाहेर माझ्या तोंडून हू की चू निघत नाही. भाजीवाल्यासमोर तोंड उघडं टाकून उभी राहिले, तो हसला. परत खोलीत आले, माईकसमोर बसले, की आवाज येतो. जाड आणि खरखरीत, पण येतो.

म्हणून इथून हलता येत नाही. हललं तर आईला फोन कसा करू?

नवं प्रोफाइल करायला गेले. पडद्यावर आलं: हा आवाज उदयसिंह या नावाने नोंदलेला आहे. ते प्रोफाइल पुसलं. परत आलं. आणि खाली दुसरं होतं. अवंतिका. माझं नाव, पूर्ण शिकवून तयार केलेलं. मी केलेलं नाही.

बोलपाटीला म्हणाले, कोण आहेस तू. तिने लिहिलं: तूच या की म्हनलीस.

२२ जानेवारी

सकाळी आईला फोन लावला. ‘आई’ म्हणाले. ती म्हणाली, कोण बोलतंय? मी नाव सांगितलं, तिचं माहेरचं नाव सांगितलं, लहानपणी ती मला काय म्हणायची ते सांगितलं. ती घाबरून ओरडली, कोण मेलं माझ्या पोरीच्या फोनवरून बोलतंय, आणि फोन ठेवला.

रडायला आलं. रडण्याचा आवाजसुद्धा माझा नव्हता.

दुपारी अनुजाचा मेसेज. आत्या फार खूश आहे, तासभर गप्पा मारल्यास, आता निघायची तयारी करतोय, परवा पोचतो.

मी फोन केला नव्हता. दुखऱ्या बोटांनी फोनवर टाइप केलं: ती मी नाही, येऊ नका, आईला आणू नकोस. तिचं उत्तर आलं: ताई, फोनवर तूच म्हणालीस की तुझा नंबर कुणीतरी हॅक केलाय, असले मेसेज येतील, लक्ष देऊ नको. तिने मला ब्लॉक केलंय.

कॉम्प्युटरच्या स्पीकरमधून मी हसले. माझं हसू, अगदी जसंच्या तसं.

आत लई जागा हाय. एकट्याला करमत न्हाय.

हे मी म्हणाले नाही.

२३ जानेवारी

कॉम्प्युटरची वायर उपटली. पडदा चालूच.

पळून जायचं ठरवलं. स्टँडवर थांबेन, आईचा हात धरेन. बोलता नाही आलं तरी हात ओळखेल ती. हात तरी माझेच आहेत.

कडी निघत नाही. दोन्ही हातांनी ओढली. मनगटातून कळ गेली, खाली बसले. परत ओढली. आक्का जिन्यात आल्या, मी दारावर थापा मारल्या. त्यांनी विचारलं, बरी हाईस न्हवं? आणि मागून, टेबलावरून, माझ्याच आवाजात उत्तर गेलं. बरी आहे आक्का, सामान लावतेय, उद्या आई येतेय ना. आक्का म्हणाल्या, बरं झालं बाई, आणि उतरल्या.

देवा, माझं काहीही ने, पण आईला —

२४ जानेवारी

आता कीबोर्डवर बोटांनी लिहितेय. आवाज अजिबात नाही. श्वास घेतलेलाही ऐकू येत नाही.

पडद्याच्या काचेत खोली दिसते. खिडकी दिसते, मागचं दार दिसतं. खुर्ची रिकामी.

मी खुर्चीतच बसलेय. बसलेय ना?

—

खाली रिक्षा. अनुजाचा आवाज. आक्का म्हणताहेत, तुमी व्हा पुढं, पोरीला मी च्या पाजतो.

आईची काठी. जिन्यावर. एकेक पायरी.

आई, परत जा

परत जा

कळा कळ दाबली जात नाही नीट

दारात थांबली. ती कुणाच्याही घरात विचारल्याशिवाय शिरत नाही. लेकीच्याही नाही. येऊ का गं, म्हणाली.

मी ओरडले. जीव खाऊन ओरडले. काही नाही —

स्पीकर म्हणाला, ये की, आई.

कडी सरकली. मी नाही —

हसतेय ती. चाचपडत टेबलाकडे येतेय. माझ्यातून हात गेला तिचा. आवाजाकडे जातेय. माईकशी वाकली. बोलतेय —

बाई गं, किती दिवसांनी असा जवळून ऐकला तुझा आवाज

हे मी लिहिलं नाही. हे तिचं. उमटतंय.

आई बोलू नको. तोंड मीट. एक शब्दही नको, ते ऐकून घेतंय, आई तुझा आवा