परवानगी मिळालेलं झाड

आशू,

मी शेजारी अस्मिताकडे दोन दिवस राहायला जाते आहे. तोंडावर बोलताना रडू येईल, म्हणून लिहिते. अक्षरं तूच शिकवलीस, तेव्हा तुला लागतील.

सकाळी सिटीचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, माणूस आपलं ओकचं झाड बघायला आला होता. त्याचं इंग्रजी कळेना, म्हणून अस्मिताला हाक मारली. ती म्हणाली, "अहो मावशी, तोडायचं परमिट कधीच मिळालंय! शुक्रवारी मुदत संपते, अजून तोडलं का नाही, असं विचारतोय." आणि तू मला सांगत होतीस, सिटी परवानगी देत नाही.

रागावले नाही. तुझे बाबा शेवटचा उन्हाळा त्याच झाडाखाली बसले, म्हणून तू थांबलीस. पण वादळापासून झाड छपरावर कललंय आणि तुझी लेक कादंबरी भीतीने आपली खोली सोडून सोफ्यावर झोपते. नातीचे हे हाल बाबांनी एक रात्रही चालू दिले नसते.

तोडणाऱ्यांना उद्याच बोलाव. मला ते बघवणार नाही. त्याच्या बदल्यात नवीन झाड लावावंच लागतं म्हणे. ते आणशील तेव्हा मला न्यायला ये, जागा मी दाखवीन.

वरणभात झाकून ठेवलाय. जेवून घ्या.

आई