डावा रकाना

दि. ३ मार्च

चि. खारूताईस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या अक्षराला नावं ठेवायचे दिवस गेले, आता टायपिंगला ठेवतो! शब्दांच्या पुस्तकाची पहिली चाळीस पानं पोचली. डाव्या रकान्यात तू टाइप केलेला इंग्रजी शब्द, उजव्यात मी लिहून पाठवलेल्या अरबी अर्थाची चिकटवलेली पट्टी. तुझी वहिनी म्हणते, भावाबहिणीने भांडणाशिवाय केलेलं हे पहिलंच काम. मी म्हटलं, पुस्तक संपायचंय अजून.

वर्ग जोरात आहे. कपड्यांच्या कारखान्यातले तीस अरबी बोलणारे कारागीर शिफ्ट सुटली की तळमजल्यावरच्या जेवणाच्या खोलीत जमतात. वहिनी चहाच्या निमित्ताने येते आणि मागच्या बाकावर बसून चुका काढते, माझ्या. मी तिथे बिस्किटांचा रिकामा डबा ठेवलाय. कामावर कानी पडलेला, न कळलेला शब्द ऐकू आला तसा चिठ्ठीवर लिहून त्यात टाकायचा, मग मी अर्थ सांगतो. निम्म्या चिठ्ठ्या एकट्या काचवाल्याच्या. हा शिंपी मालकाच्या ऑफिसच्या काचेला लागून बसतो. त्याला इंग्रजी येत नाही म्हणून मालक आणि मॅनेजर त्याच्यादेखत खुशाल वाट्टेल ते बोलतात.

सोबत नवी यादी. वेळेवर जेवत जा, आणि आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा दादा

दि. ११ मार्च

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

तुझी पट्टी चिकटवताना एकदा उलटी लागली, शेजारच्या, उर्दूही छापणाऱ्या प्रेसवाल्याने दाखवली म्हणून बरं. अरबीतलं मला ओ की ठो कळत नाही. मी आपली डावा रकाना तेवढा वाचते. पहिल्या यादीत कात्री, शिडी, घाई असले गरीब शब्द होते. या खेपेला काय तर क्रॅक, पिलर, प्लास्टर, पेंट. शिंप्यांना वर्गात घेतलंस की गवंड्यांना?

थट्टा राहू दे. तिथे कुठे तडा गेलाय का रे? तू टाळशील, वहिनीला लिहायला सांग. तिला साष्टांग नमस्कार, आणि तुला अर्धाच.

तुझी खारू

दि. १८ मार्च

चि. खारूताईस अनेक आशीर्वाद.

अर्धा नमस्कार पोचला. लहानपणी दोरीवरच्या सदऱ्याला घाबरून बोंब ठोकणारी तूच ना? अगं, जेवणाच्या खोलीतल्या मधल्या खांबाला परवा रंग दिला, एवढंच. वासाने वहिनी तासभर शिंकत होती.

या यादीत माझा घाम निघाला. ‘पोस्टपोन’ला नेमका अरबी शब्द सापडेना. चार खोडले तेव्हा पाचवा मनासारखा जमला, तो नीट चिकटव. काचवाला हिरमुसलाय. मालक ऑफिस रस्त्यापलीकडच्या इमारतीत नेतोय. भिंतीवरचं घड्याळसुद्धा गेलं. आता मला शब्द कुठून मिळणार, असं तो विचारत होता.

लोभ आहेच, त्यात भर पडू दे.

दादा

दि. २४ मार्च

ती. दादास,

नमस्काराला धीर नाही. यादी टाइप करून संपली आणि तशीच लिहायला बसले. दोन्ही याद्या एकाखाली एक ठेवल्यात, तूही ठेव. क्रॅक. पिलर. प्लास्टर. पेंट. इन्स्पेक्टर. पोस्टपोन. ऑफिस. फर्स्ट. वर्कर्स. आफ्टर. दादा, हे एकच बोलणं आहे, तुकड्यातुकड्यांनी तुझ्या डब्यात पडलेलं. तू एकेक चिठ्ठी उचलतोस, अर्थ शोधतोस, खूश होतोस आणि पुढची उचलतोस. उजव्या रकान्यात तुझा जीव अडकलाय. डावा वरून खाली कोणी वाचायचा?

त्यांना माहीत आहे रे. स्वतःचं घड्याळ आधी हलवलं त्यांनी! तुला माझ्या गळ्याची शपथ, तू आणि वहिनी त्या खोलीत पाऊल टाकू नका.

खारू

दि. १ एप्रिल

चि. खारूताईस,

तुझं पत्र खिशात घेऊन गेलो आणि चमच्याच्या टोकाने खांबाचा रंग खरवडला. चमचा दांड्यापर्यंत आत गेला. आम्ही त्या खांबाला छत्र्या टेकवत होतो गं.

सगळ्यांना अंगणात आणून डावा रकाना वरून खाली वाचला, अर्थासकट. काचवाला रडला. हे सगळं आपणच ऐकलं आणि आपल्यालाच कळलं नाही, हे त्याला सोसेना. दुसऱ्या दिवसापासून तीसही जण फाटकाबाहेर उभे आहेत, वर जात नाहीत. मी इंग्रजीत तक्रार लिहिली, सगळ्यांनी सह्या केल्या. सोमवारी वरचा इन्स्पेक्टर येतोय. तो अहवाल देईपर्यंत कारखाना बंद राहील.

काल मालक स्वतः भेटायला आला. फार गोड बोलला. वहिनीची तब्येत विचारली, आम्ही कुठल्या गल्लीत राहतो तेही विचारलं. मी शहाणा, सांगून बसलो.

दादा

दि. ४ एप्रिल

चि. खारूताईस अनेक आशीर्वाद.

हे पत्र वहिनीच्याच हाती देतोय. पुस्तकाच्या बांधणीला तुला मदत हवीय असं तिला सांगितलंय, तू हो म्हण. तिच्या बॅगेत सगळ्या याद्या आणि तक्रारीची नक्कल आहे. ते सगळं प्रेसवाल्याकडे ठेव, घरात नको.

मलाही ये म्हणशील. सोमवारी इन्स्पेक्टर प्रश्न इंग्रजीत विचारणार आणि उत्तरं अरबीत येणार. मधे उभा राहील असा दुसरा कोणी नाही. मी नसलो तर त्या तीस जणांचं बोलणं मॅनेजर सांगेल, आणि ते परत वर चढतील. भीती वाटते गं, खोटं कशाला बोलू?

काचवाल्याला मालकाने फाटकावरून बोलावून नव्या ऑफिसात पडदे शिवायला बसवलंय. तिथेही काच आहे. आज दुपारी तो धावत आला आणि तीन चिठ्ठ्या हातात ठेवून गेला. अर्थ विचारायलाही थांबला नाही. शेवटच्या पानावर टाइप कर. या खेपेला मी डावा रकाना आधी वाचला, वरून खाली.

टीचर. अलोन. संडे.

उजवा रकाना कोराच राहू दे. सोमवारी संध्याकाळी अर्थ लिहून पाठवतो. तोवर वहिनीला सांभाळ आणि माझ्यावरचा लोभ आहे तसाच ठेव.

तुझा दादा