सातव्या मजल्यावरचा समुद्र

रविवार, १४ ऑगस्ट
सकाळी साडेनऊ

चिरंजीव साहेब,

मोठा आहे म्हणून आशीर्वाद लिहितो. मनापासून किती, ते विचारू नकोस. इकडे सगळे बरे आहेत. आईचे गुडघे होते तसेच. तुझ्या वहिनीचा खोकला गेला. तुमच्याकडेही सगळं ठीक असेल असं धरून चालतो.

तुझं जाडजूड पाकीट मिळाल्याला आज एकवीस दिवस झाले. सहा रंगीत पानं, वर मोठ्या अक्षरांत ‘आईची समुद्र-सहल’ आणि कोपऱ्यात एक ताडाचं झाड. अकरा वर्षांत तुझ्याकडून या घरात आलेला हा पहिला कागद, आणि तोही माझ्या नावाने नाही. पण आईला चष्मा लावूनही इतकं बारीक अक्षर दिसत नाही, त्यामुळे सगळं वाचून मीच दाखवलं. तेव्हा उत्तर माझ्याकडून येणार हे तू धरलं असशीलच. नसेल धरलं, तर तो तुझ्या नियोजनातला पहिला दोष समज. पुढे बरेच आहेत.

तू निवडलायस सप्टेंबरचा दुसरा आठवडा. का, तर तुला तेव्हा रजा मिळते. त्या शहराचं हवामान पेपरात शेवटच्या पानावर येतं. पाकीट आल्यापासून मी ते रोज वहीत उतरवून घेतोय. एकवीसपैकी सतरा दिवस तिथे पाऊस झाला, त्यातले चार वादळाचे. हवेत दमटपणा इतका की टॉवेल दोन दिवस वाळणार नाही. अशा हवेत एकोणऐंशी वर्षांच्या बाईला तू किनाऱ्यावर बसवून काय दाखवणार, छत्री? तिथे जायचं तर नोव्हेंबरमध्ये. तेव्हा तिथे ना थंडी, ना घाम. हे कुठल्याही शाळकरी भूगोलात असतं. मी शाळा आठवीत सोडली, तरी मला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी, दुपारी चार ते पाच: दीपगृह. पायऱ्या किती, हे तुझ्या रंगीत पानावर नाही. मी त्यांच्या कचेरीत फोन करून विचारलं. एकशे शहाण्णव. आईला बाथरूमच्या उंबरठ्यावर हात द्यावा लागतो, साहेब.

तिसऱ्या दिवशी बोट. बोटीत चढायला काय आहे? फळी की जिना? कठडा एका बाजूला की दोन्ही बाजूंना? कुठेच लिहिलेलं नाही. ‘अविस्मरणीय अनुभव’ एवढंच लिहिलंय. असणारच.

आता मुख्य. राहायची जागा सातव्या मजल्यावर, खिडकीतून समुद्र. फोटो छान आहे. त्या इमारतीच्या केअरटेकरचा नंबर पानाच्या तळाशी होता, म्हणून मी त्यालाही फोन लावला.

“लिफ्ट आहे?”

“आहे की साहेब. एकदम मस्त.”

“मजल्याशी बरोबर थांबते?”

“थांबते. जरा वर-खाली.”

“जरा म्हणजे किती?”

“बोटभर.”

“उभं की आडवं?”

तो हसला. मी हसलो नाही. शेवटची तपासणी कधी झाली विचारलं, तर म्हणतो, “बिघडली की बोलावतो ना आम्ही.” समुद्रावरची खारी हवा दाराच्या संपर्कांचं काय करते हे त्याला माहीत नाही, आणि तुलाही नाही. दार नीट लागलं आहे हे लिफ्टला कळतं ते या पितळी संपर्कामुळे. त्यावर गंज चढला की लिफ्ट मधेच थांबते. दोन मजल्यांच्या मधे, आईसकट.

माझ्याकडे तुझ्यासारखं भिंतीवर टांगायचं काही नाही. भंगारातून आणलेलं दाराचं यंत्र मी अकरा वेळा खोललं आणि अकरा वेळा जोडलं. शेवटच्या वेळी हातात एकही स्क्रू उरला नाही, तेव्हा समजलो की आलं. परभाषेतलं माहितीपुस्तक शब्दकोश मांडीवर घेऊन ओळ-ओळ वाचलं. तेहेतीस वर्षांत माझ्या हाताखालच्या एकाही लिफ्टमध्ये कुणाचं नखसुद्धा सापडलेलं नाही. तू मात्र ताडाचं झाड पाहून बुकिंग करतोस.

आई काय म्हणते, तेही सांगतो, म्हणजे मी लपवलं असं व्हायला नको. तुझ्या पानावरचं समुद्राचं चित्र तिने कापून कपाटाच्या आरशाला चिकटवलंय. माळ्यावरून एक खोकं काढायला लावलं. त्यात वाळूत चालायच्या रबरी चपला निघाल्या, बाबांनी तिला आणलेल्या. अकरा वर्षांत एकदाही न घातलेल्या. आणि म्हणते, “दोघं याल तरच मी हलणार. एकाच्या भरवशावर पाण्याजवळ जायला मी काही वेडी नाही.”

मी तिला सांगितलं, विचार करतो. तुला स्पष्ट सांगतो, मी येणार नाही.

बाबा गेले त्या मंगळवारी ते याच सहलीची कागदपत्रं घेऊन तुझ्याकडे निघाले होते, हे मला सारखं सुचवायची गरज नाही. त्यासाठीच तू हे शहर निवडलंस, एवढं मला कळतं. तुझ्या इमारतीची लिफ्ट त्या दिवशी बंद करणं बरोबर होतं. पाचव्या मजल्याच्या दाराच्या संपर्कात दोन मिलिमीटरचा फरक होता. “संध्याकाळपर्यंत चालली असती,” असं तू तेव्हा चार माणसांत बोललास. चालली असती. दार उघडं असतानाही चालली असती, आणि कुणी खाली पडलंही असतं. त्या निर्णयावर मी आजही सही करीन. आणि माझ्या रीतीप्रमाणे लिफ्ट बंद करण्याआधी मी तुझ्या घरी फोन केला होता, दहा वाजून वीस मिनिटांनी. कुणी उचलला नाही. बराच वेळ वाजला. हे सगळं मी तेव्हाच सांगितलं आहे, पुन्हा पुन्हा सांगायची मला हौस नाही.

तुझी पानं सोबत परत पाठवतो. चुकांवर लाल खुणा केल्या आहेत. एक चित्र कमी आहे, ते आरशावर आहे.

तुमच्या इमारतीचा,
लिफ्टवाला


शुक्रवार, २ सप्टेंबर

साहेब,

तुझं उत्तर मंगळवारी आलं. पाच ओळी. मी साडेतीन पानं लिहिली, तू पाच ओळी. असो. नोव्हेंबर मान्य, दीपगृह रद्द, बोट रद्द, आभार वगैरे. चौथी ओळ अशी:

‘दादा, ही येणार नाही. आईच्या शेजारी बसून समुद्र बघायची माझी लायकी नाही, म्हणते. अजूनही मिक्सर लावला की मधेच बंद करून कान देते, फोन वाजतोय का म्हणून.’

पाचव्या ओळीत तू माझ्या तब्येतीची चौकशी केली आहेस.

ती चौथी ओळ खिशात घेऊन मी दोन दिवस कामावर गेलो. बुधवारी एका दवाखान्याच्या लिफ्टचा ब्रेक बसवताना वॉशर नटाच्या उलट्या बाजूला घातला. लगेच लक्षात आलं, काढला, परत बसवला. पण घातला. असं माझं कधी झालेलं नाही.

आता जे लिहितोय ते माझ्या क्रमाने लिहीन. आधी माझी बाजू. ती तुला ऐकावीच लागेल.

तुझ्या बढतीचं जेवण आठवतं? तुझ्या घरी, बाबा गेले त्याच्या दोन महिने आधी. मी इस्त्रीचा शर्ट घालून आलो होतो. तुझे मोठे साहेब दारात भेटले, त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि तू म्हणालास, “हे आमच्या इमारतीचे लिफ्टवाले. फार चोख काम असतं यांचं.” मी हातात पाण्याचा ग्लास घेऊन उभा होतो. साहेबांनी मला विचारलं, “मग आज काय बिघडलं?” तू हसलास. मी ग्लास खिडकीत ठेवला आणि जिन्याने खाली उतरलो. स्वतःच्या लिफ्टने उतरायचीही लाज वाटली. पुढचे दोन महिने दर मंगळवारी मी लिफ्ट तपासायला तुझ्या इमारतीत येत होतो, पण तुझ्या दारात पाऊल टाकलं नाही. तू एकदाही विचारलं नाहीस, दादा का येत नाही. हे मी विसरलेलो नाही, विसरणार नाही, आणि खाली जे लिहितोय त्याने यातला एक शब्दही पुसला जात नाही.

आता दुसरं.

लिफ्ट बंद करायची तर पाटी अडकवून मोकळं व्हायचं, ही सगळ्यांची रीत. माझी वेगळी आहे, तुला माहीत आहे. प्रत्येक इमारतीत ज्या घरांत म्हातारी माणसं राहतात किंवा येतात, त्या घरांची यादी मी मशीनच्या खोलीच्या दारावर आतून खडूने लिहून ठेवतो. आधी त्या घरांना फोन, मग फ्यूज काढून खिशात. फ्यूज माझ्या खिशात आहे म्हणजे सगळ्यांना कळवून झालं आहे, असा माझा शब्द. तुझ्या इमारतीत अशी सात घरं होती. सातवं तुझं. बाबा मंगळवारी येतात म्हणून मीच लिहिलं होतं.

त्या दिवशी वॉचमनच्या खोलीतून मी सहा फोन केले. सातव्यासाठी रिसीव्हर उचलला. आणि मनात आलं, सूनबाई उचलणार आणि आत वळून तुला सांगणार, “लिफ्टवाल्यांचा फोन आहे.” ती असं म्हणाली नसती. ती मला कायम भाऊजीच म्हणाली. पण मला तेव्हा तसंच ऐकू आलं.

रिसीव्हर खाली ठेवला. समोरच्या घड्याळात दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. वेळ खरी आहे. फोन खोटा आहे.

फ्यूज काढून खिशात टाकला, पाचव्या मजल्यावरचा तो संपर्क खोलून हातात घेतला आणि दुरुस्तीला गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत गेलो.

बाबा अकराला आले. पाटीवरचं अक्षर माझं, त्यांनी ओळखलंच असणार. वॉचमन पंपाकडे गेला होता. मला खालून हाक मारली असती तर जिन्याच्या पोकळीतून वर ऐकू आली असती. पोराच्या कामात अडथळा नको म्हणून चढले असतील, असं आई म्हणते. चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधे बसले, ते बसलेच. मी तेव्हा वर दोन मिलिमीटरचं काम अगदी चोख करत होतो.

संध्याकाळी तुझ्या दिवाणखान्यात सूनबाईने मला बाजूला घेऊन विचारलं, “भाऊजी, तुमच्या पद्धतीप्रमाणे फोन केला असेल ना तुम्ही? मी मिक्सर लावला होता हो. वाजला होता का?”

मी म्हणालो, “वाजला होता.” आणि तिच्या तोंडाकडे न बघता वर जोडलं, “बराच वेळ वाजला.”

ते ‘बराच वेळ’ कुणी मागितलं नव्हतं.

तू त्यानंतर मला जे बोललास, की माझ्या काटेकोरपणाने बाबांना मारलं, ते चूक होतं. काटेकोरपणाने नाही मारलं. त्या दिवशी मी काटेकोर नव्हतो, एवढंच. सातपैकी सहा म्हणजे काटेकोर नव्हे. पण तू चुकीचं बोललास याचा मला केवढा आधार झाला! अकरा वर्षं मी तुझ्यावर रागावून राहू शकलो, आणि मिक्सरचा विचार करावा लागला नाही.

काल सकाळी आईला सांगितलं. ती चपला पुसत होती. ऐकून घेतलं, दुसरी चपलही पुसून झाली, मग म्हणाली, “अकरा वर्षं ती पोरगी माझ्या डोळ्याला डोळा देत नाही. मला वाटायचं, सासूचा कंटाळा आला असेल.” बस. त्यानंतर माझ्याशी बोललेली नाही. मला निरोप तुझ्या वहिनीच्या तोंडून येतात. आजचा निरोप असा: आधीची अट रद्द. दोघं आलात तरी ती हलणार नाही. सूनबाई आली तरच. ती नाही आली, तर खोकं परत माळ्यावर जाईल आणि पुन्हा निघणार नाही.

म्हणून हे पत्र. तुझी माफी मागतोय असा गैरसमज करून घेऊ नकोस. तुझं-माझं मिटलेलं नाही, आणि समुद्राकाठी मिटेल असंही मला वाटत नाही. मी तुझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणार नाही, आईच्या पलीकडच्या बाजूला बसेन. माफी सूनबाईची. पत्र तिला वाचून दाखवू नकोस, हातात दे. तू वाचलंस तर मधले शब्द गाळशील. ओळखतो मी तुला.

ती आली तर पुढची व्यवस्था अशी. यात बदल नको.

अकरा नोव्हेंबरला मी एकटा पुढे जाईन. वायर, ब्रेक, सातही मजल्यांची दारं आणि त्यांचे संपर्क स्वतः पाहीन. केअरटेकरला मोजपट्टी विकत घ्यायला लावली आहे. त्याचं ‘बोटभर’ एकोणीस मिलिमीटर निघालं. एकोणीसला आईचा पाय अडखळतो. ते मी शून्यावर आणीन. आईला त्या दिवशी तुझी वहिनी तुझ्याकडे सोडेल, आणि बाराला सकाळी तुम्ही तिघं निघाल. पण माझा फोन आल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. मोबाइलवर नाही. तो जुना फोन तू अजून चालू ठेवला आहेस, असं आई मागे म्हणाली होती. त्यावर करीन. लिफ्ट आईला नेण्यासारखी असेल तर ‘निघा’ म्हणायला, नसेल तर ‘निघू नका’ म्हणायला. पण करीन.

दहा वाजून वीस मिनिटांनी. तू उचलायचा नाहीस, आईनेही नाही. सूनबाईला म्हणावं, मिक्सर हवा तर खुशाल लाव. ती उचलेपर्यंत मी ठेवणार नाही.

तिचा अपराधी, आणि तुला आवडो न आवडो, तुझा सख्खा भाऊ,
दादा