बाजेखालची शेगडी

कळंब, १९४६

प्रिय अव्वा,

पत्राची सुरुवात तीर्थरूप म्हणून करायची, असं अप्पांनी शिकवलंय. पण आईला तसं लिहिलं की तू फार लांब वाटतेस, आणि वर्षभर तू लांबच आहेस. अप्पा, हे तुम्हीच तिला वाचून दाखवणार. मधली एकही ओळ गाळू नका, तुमची सवय मला ठाऊक आहे.

रेवणसिद्ध आता धरून उभा राहतो. परवा मी भिंतीला टेकून, पाय पसरून ज्वारी निवडत होते. सासूबाई एकदम हसल्या म्हणून सूप बाजूला केलं, तर हा माझ्या पावलांना धरून उभा! लेकरू पहिल्यांदा उभं राहिलं ते माझेच पाय धरून, आणि मला त्याची खबर नाही. आधी मीही हसले. मग पदर तोंडाशी धरला.

ह्यांनी मागच्या आठवड्यात मला पुन्हा सोलापूरला नेलं, रेवण झाला त्याच दवाखान्यात. वाटभर मला आपली पहिली खेप आठवत होती. पोर आडवं आलेलं, तू उमरग्याहून मला मोटारीत घातलंस. इंग्रजी हद्दीच्या नाक्यावर करोडगिरीचा शिपाई सामान तपासायला लागला, तेव्हा तू त्याच्या अंगावर धावून गेलीस, 'लेकरू मरायलंय माझं, आन् तू गठुडं काय सोडायलास रे!' तो बिचारा 'जाव अम्मा, जाव' म्हणत बाजूला झाला. तुझ्या त्या आवाजानंच आम्ही दोघं जगलो, असं मी सगळ्यांना सांगते. तिथं माझ्या पाठीत सुई दिली, कमरेखालचं बधिर झालं, पोट चिरलं, आणि मी जागेपणी रेवणचं रडणं ऐकलं. पायांची गुंगी उतरेल म्हणाले. ती उतरलीच नाही.

उमरग्याला घरी आणल्यावर तू माझ्या पायांना हात लावलास. 'थंडगार पडलेत गं, वारं शिरलंय,' म्हणालीस आणि बाजेखाली शेगडी सारलीस. ओवा, शेपा, गोवऱ्यांचे निखारे. पाय ऊन होईनात म्हणून आणखी निखारे. मी रेवणला पाजत होते. मीच म्हणाले ना, 'अव्वा, काहीतरी जळतंय बघ, गोधडीला ठिणगी लागली असेल.' तू गोधडी उचललीस. माझी टाच होती ती. तुझा तेव्हाचा चेहरा मला दिसतो, अव्वा. मला दुखलंच नव्हतं. जे काही दुखलं ते तुला.

त्यानंतर तू आमचा उंबरा चढली नाहीस. इकडं बायका म्हणाल्या, आईनंच लेकीचे पाय जाळले. सासूबाईही म्हणाल्या. मी सगळ्यांशी भांडले, पण जिच्याशी भांडायचं ती तूच समोर नव्हतीस.

आता नीट ऐक. डॉक्टरीणबाईंनी मला डोळे मिटायला लावून टाचणी टोचली. माझा बधिरपणा मांडीपर्यंत आहे. भाजलंय फक्त टाचेला आणि पोटरीला. त्या म्हणाल्या, 'शेकानं पाय गेले म्हणता, मग मांडीपर्यंत निखारा गेला होता का?' पाठीतल्या औषधानंच पायांच्या शिरा मेल्या, असं एखादीला होतं. तुझी शेगडी पेटली तेव्हा माझे पाय आधीच गेलेले होते. पुन्हा येतील का, हे मी विचारलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. त्या सुईला शिव्याही देता येत नाहीत, तिच्यामुळेच तर रेवण आहे. येताना गाडीत मी खूप रडले. ह्यांनी रडू दिलं.

हे सगळं लिहायचं कारण माझ्या पाठची इरम्मा. तिला सातवा लागलाय आणि तू तिला निरोप धाडलास म्हणे, 'बाळंतपणाला येऊ नको, माझ्या हातात विस्तव आहे.' त्या दिवसापासून पोरीनं धड जेवण केलं नाही. अव्वा, तिला माहेरी घेऊन ये. तीच बाज टाक, तीच शेगडी पेटव. निखारा आधी तुझ्या तळहाताजवळ धरून बघ, मग तिच्या पायांशी सार. जरा जास्त झाला की ती ओरडेल, 'अगं अव्वा, चटका बसतोय!' ते ओरडणं मला ऐकायचंय. मीही येते, मला गाडीत घालून आणतील. तिच्या उशाशी मला बसव, आणि ती ओरडली की माझा हात धर.

तुझीच,
चन्नम्मा